ईश्वरीच्या सोपाऱ्यात एक दिवस



आश्विनातली ओळी संपली, सगळ्यांची पारणी सुखरूप झाली असतील. नऊ दिवस आयंबिल आणि रोज उपाश्रयात श्रीपाल-मयणाचा रास. मी लहानपणापासून तो ऐकत आलेय. धवल शेठ श्रीपालला गलबतावरून समुद्रात ढकलतो, नवपदाचं स्मरण करत तो मगरीच्या पाठीवर बसून कोकणच्या किनाऱ्याला लागतो आणि ठाण्याचा वसुपाल राजा त्याला जावई करून घेतो. पुढे तो सैन्यासह उज्जैनीकडे निघतो आणि वाटेत सोपाऱ्याला मुक्काम पडतो. इतका मोठा राजा वेशीवर आला तरी गावातून कोणीच भेटायला येत नाही. का, तर महासेन राजाच्या मुलीला, तिलकसुंदरीला, साप चावलेला असतो आणि तिला स्मशानात नेत असतात. श्रीपाल सिद्धचक्राच्या न्हवणाच्या पाण्याने तिला उठवतो. नऊ राण्यांपैकी ही शेवटची.

ठाणं म्हटलं की सगळ्यांना टेंभी नाक्याचं मुनिसुव्रतस्वामींचं मंदिर आठवतं. सोपारा म्हटलं की मात्र कोणाला काही आठवत नाही. वाचणारा वाचतो, ऐकणारी ‘हं’ म्हणते आणि कथा पुढे सरकते. हा रास विनयविजयजींनी रचायला घेतला, रांदेरला त्यांचा काळ झाला आणि उरलेला भाग यशोविजयजींनी विक्रम संवत १७३८ मध्ये पुरा केला. त्याच्याही तीनशे वर्षं आधी रत्नशेखरसूरींनी प्राकृतात ‘सिरिवालकहा’ लिहिली होती. म्हणजे या बंदराचं नाव आपण निदान साडेसहाशे वर्षं दरवर्षी घेतोय. यंदा मी ह्यांना म्हटलं, “अहो, एकदा सोपारा बघू या.”

“नालासोपारा? तिथे काय बघायचं? तिथून लोक लोकलला लटकून निघतात.”

ह्यांचं धान्याचं दुकान आहे, सुट्टी म्हणजे रविवार आणि तोही अर्धा. तरी दिवाळीची गर्दी सुरू व्हायच्या आत एक रविवार मिळाला.

खरं सांगायचं तर सोपाऱ्याचा पत्ता आपल्या नाशिकमध्येच लिहून ठेवलेला आहे. पांडवलेण्यांतलं दहावं लेणं नहपानाच्या जावयाने, उषवदाताने कोरवून घेतलं. त्याच्या लेखात भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन आणि शूर्पारग अशा चार गावांत त्याने बांधलेल्या धर्मशाळांची नोंद आहे. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूरजवळचं, शूर्पारग म्हणजे सोपारा. वाटेतल्या नद्यांवर त्याने फुकट होड्या ठेवल्या. इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि डाहाणुका अशी नद्यांची नावंही दिली आहेत. दोन्ही काठांवर निवारे आणि पाणपोया केल्या. सोपाऱ्याच्या रामतीर्थावरच्या आणि इतर ठिकाणच्या चरकांच्या मंडळींना नाणंगोल गावातली बत्तीस हजार नारळाची झाडं दिली. रामकुंडाशेजारी राहणाऱ्या मला सोपाऱ्यालाही एक रामतीर्थ होतं हे वाचून मजा वाटली.

ह्यांना त्या लेण्यातला दुसरा लेख जास्त आवडतो. उषवदाताने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे तीन हजार कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले, दोन हजार महिना एक टक्का दराने आणि एक हजार पाऊण टक्क्याने. मूळ रकमेला हात लावायचा नाही, व्याजावर भिक्षूंचा खर्च चालवायचा. “दोन हजार वर्षांपूर्वी नाशकात मुदत ठेव!” असं हे पाहुण्यांना हटकून सांगतात. मी मात्र पाहुण्यांना दक्षमित्रेचं नाव दाखवते. ती उषवदाताची बायको, तिनेही तिथे एक खोली दान केली आणि आपल्या नावाने लेख कोरवला.

पहाटे पाचला निघालो. दारात नवकार म्हटला, उकळलेलं पाणी, दशम्या, खाखरे आणि मुगाची कोरडी डाळ बरोबर घेतली. कसारा घाट उतरून नवकारशीची वेळ झाल्यावर एका झाडाखाली बसून खाल्लं. पावसाळा नुकताच सरलेला, घाट अजून हिरवा होता, फक्त गवताच्या टोकांना पिवळेपणा आला होता. हाच जुना थळघाट. सोपाऱ्याला उतरलेला माल याच बाजूने गोवर्धनाकडे चढत असे. दुसरी वाट नाणेघाटाची. तिथे पाण्याची एक पोढी सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिल्याचा लेख आहे. बंदरातल्या माणसाने घाटमाथ्यावर पाण्याची सोय करावी, यावरून त्या वाटेवर कोणाचे पाय झिजत असतील ते कळतं. कार्ल्याच्या आणि कान्हेरीच्या लेण्यांतही सोपाऱ्याचे दाते भेटतात. ग्रीक खलाशांच्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी पुस्तकात भरुकच्छानंतर खाली येताना सुप्पाराचं नाव येतं, मग कल्याणचं. बायबलमधलं ओफिर म्हणजे सोपाराच असंही काही जण सांगतात. त्या वादात मी पडत नाही, आहे तेवढं पुरेसं आहे.

भिवंडीवरून कामण, चिंचोटी करत नालासोपाऱ्यात पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते. समुद्र कुठेच दिसत नव्हता. स्टेशनभोवती इमारतींच्या रांगा, रिक्षा, माणसांचा लोंढा. सोपारा गाव पश्चिमेला. तिकडे गेल्यावर हळूहळू ताडमाड दिसायला लागतात, तळी दिसतात, आणि एकेकाळी खाडीचं पाणी आतपर्यंत येत असणार हे पटतं. खाडी गाळाने भरत गेली, जहाजं ठाण्याकडे वळली आणि बंदर जमिनीवर राहून गेलं.

बुरुड राजाचा कोट ही गावकऱ्यांनी दिलेली ओळख, म्हणजे बांबूच्या टोपल्या विणणाऱ्या राजाचा किल्ला. प्रत्यक्षात तो स्तूप. एप्रिल १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला. हे जुनागढचे. आपल्या पांडवलेण्यांचे लेखही त्यांनी वाचले होते. स्तूपाच्या पोटात त्यांना दगडी पेटी मिळाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्याच्याभोवती ब्राँझच्या आठ बुद्धमूर्ती, करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांच्या आत सोन्याचा. सोन्याच्या करंडकात काय होतं? मातीच्या भिक्षापात्राचे काही तुकडे. बरोबर सोन्याची फुलं आणि यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणं. पाच डब्या एकात एक ठेवून लोकांनी जे जपलं ते कोणीतरी भिक्षा मागितलेलं खापर. मी तिथे बराच वेळ उभी होते. आज तिथे विटांचा बुटका उंचवटा, गवत आणि कुंपण आहे. पेटी मुंबईला एशियाटिक सोसायटीत आहे.

त्याच वर्षी पंडितजींना इथे अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. नवव्याचा तुकडा १९५६ मध्ये जवळच्या भुईगावात सापडला. चौदा लेखांपैकी नेमके हेच दोन हाती लागावेत याची मला गंमत वाटते. आठवा लेख सहलींबद्दल आहे! पूर्वीचे राजे मौजेसाठी, शिकारीसाठी बाहेर पडत. अशोकाने ते बंद करून धर्मयात्रा सुरू केल्या, म्हणजे साधूंना भेटायचं, वडीलधाऱ्यांना दान द्यायचं, गावागावांतल्या लोकांशी बोलायचं. आमची सहल राजेसाहेबांना चालली असती.

नवव्या लेखावर मात्र माझं भांडण आहे. आजारपणात, लग्नकार्यात, मूल झालं की, प्रवासाला निघताना लोक मंगलविधी करतात आणि त्यातही बायका नाना प्रकारचे क्षुल्लक, निरर्थक विधी करत बसतात, असं सम्राटांनी दगडावर कोरून ठेवलंय. पुढे ते म्हणतात, खरं मंगल म्हणजे नोकरचाकरांशी नीट वागणं, गुरुजनांचा मान, जिवांबाबत संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान. पुढचं सगळं मान्य. पण घरातला नोकर जेवला की नाही हे बघणारी, पाणी गाळून जीव वाचवणारी, दारात आलेल्या साधूला वाढणारी कोण? तीच ना, जी निघताना दारात नवकार म्हणते? ह्यांना हे सांगितलं तर म्हणाले, “अशोकाला पत्र लिही.” तेच लिहितेय समजा.

आता ज्या गोष्टीसाठी मला सोपाऱ्याला यायचं होतं ती. पर्युषणात स्थविरावली वाचताना महाराज साहेब ती सांगतात, कल्पसूत्राच्या टीकांमध्ये ती आहे. बारा वर्षांचा दुष्काळ पडला होता. वज्रस्वामींनी आपले शिष्य वज्रसेन यांना सांगून ठेवलं होतं, की ज्या दिवशी लाख मोलाच्या अन्नातून तुला भिक्षा मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुकाळ येईल. विहार करत वज्रसेन सोपाऱ्याला आले. तिथे जिनदत्त शेठ, त्याची बायको ईश्वरी आणि चार मुलगे. पैसा होता, धान्य नव्हतं. शेवटी लाख मोजून हंडीभर तांदूळ आणले. ईश्वरीने ते शिजवले आणि त्यात विष कालवायची तयारी केली. उपाशी तडफडण्यापेक्षा सगळ्यांनी एकदाच जेवून एकदाच संपावं, म्हणून. तेवढ्यात दारात वज्रसेन गोचरीला उभे. तिने न लपवता सगळं सांगितलं. त्यांनी गुरूंचं वचन ओळखलं आणि म्हणाले, विष घालू नकोस, उद्या सुकाळ आहे. दुसऱ्या दिवशी बंदरात धान्याची गलबतं लागली.

पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली. नागेंद्र, चंद्र, निवृत्ती आणि विद्याधर या चार मुलांच्या नावांनी चार कुळं चालू झाली. हरिभद्रसूरी विद्याधर कुळातले. सिद्धर्षी निवृत्ती कुळातले. आबूवर तेजपालने बांधलेल्या लूणवसहीची प्रतिष्ठा करणारे विजयसेनसूरी नागेंद्र गच्छाचे. आणि आपला तपागच्छ आपली परंपरा चंद्र कुळापासून मोजतो. परंपरेचा हिशेब धरला तर हे सगळं इसवी सनाच्या पहिल्या शतकात घडलं, आणि नहपानाचा काळही अभ्यासक साधारण तिथेच ठेवतात. म्हणजे उषवदाताच्या धर्मशाळा आणि ईश्वरीची हंडी एकाच गावात, जवळजवळ एकाच काळात.

व्याख्यानात ही गोष्ट गुरुवचन कसं खरं झालं याची म्हणून सांगतात. मला तिच्यात नेहमी स्वयंपाकघर दिसतं. साधू दारात आला तेव्हा ईश्वरीने ‘आज काही नाही’ म्हणून दार लावलं असतं तर? लाखाच्या हंडीतून, घरातली सहा माणसं मरायला बसलेली असताना, बाहेरच्या माणसाला वाढायचं तिच्या मनात आलं. विष घालायच्या आधी साधूला निर्दोष घास मिळावा एवढी शुद्ध तिला होती. विचारल्यावर ती खोटंही बोलली नाही. घरातली गोष्ट घरात ठेवायची असते असं आपल्याला शिकवतात. तिने ती दारात उभ्या राहिलेल्या परक्याला सांगितली आणि त्याने सहा माणसं वाचली.

चक्रेश्वर तळ्याच्या काठावर बसून मी हे सगळं ह्यांना सांगितलं. तळ्याजवळ महादेवाचं देऊळ आहे, आसपास सापडलेल्या जुन्या मूर्ती तिथे ठेवल्या आहेत, त्यात ब्रह्मदेवाची एक मोठी मूर्ती आहे. हे ऐकत होते आणि मध्येच म्हणाले, “ते तांदूळ विकले कोणी?”

मला प्रश्नच कळला नाही.

“लाखाला हंडीभर तांदूळ कोणीतरी विकले ना? म्हणजे गावात कोणाकडे तरी होते. त्याचं नाव नाही का तुमच्या टीकेत?”

नाही. माझ्या ऐकण्यात, वाचण्यात कुठेच नाही. घेणाऱ्याचं नाव, त्याच्या बायकोचं, चारही मुलांचं नाव दोन हजार वर्षं टिकलं. विकणारा निनावी राहिला. इतक्या पर्युषणांत हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, धान्याच्या दुकानात बसणाऱ्या माणसाला पहिल्याच वेळी पडला.

मग थोडा वेळ आम्ही काही बोललो नाही. माझं सासर मूळचं सिन्नर तालुक्यातलं, तिथे सासऱ्यांचं दुकान होतं. बहात्तरच्या दुष्काळाच्या गोष्टी सासूबाई खूप सांगायच्या. खडी फोडायला गेलेली गावंच्या गावं, कामावर वाटलेली सुकडी, रेशनवर आलेला लाल मिलो. तो मिलो अमेरिकेतून जहाजाने आला होता. भाकरी थापताना तुटायची आणि गरम पाण्यात पीठ भिजवून कशी जमवायची, हे त्या हाताने करून दाखवायच्या. वाटी घेऊन दारात येणाऱ्या बायकांची नावं त्यांना शेवटपर्यंत पाठ होती. त्या वर्षी दुकानात भाव काय होता, हे मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. ह्यांनीही कधी विचारलं नाही. सासरे गेले, सासूबाई गेल्या, जुन्या वह्या घर बदलताना गेल्या. तळ्याकडे बघत हे एवढंच म्हणाले, “आईला विचारायला हवं होतं.”

सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांची आणखी एक गोष्ट बृहत्कल्पभाष्यात आहे, ती मी त्यांना गाडीत सांगितली. इथे पाचशे व्यापारी घरं होती, त्यांना कर माफ होता. मंत्र्याच्या सल्ल्याने राजाने कर मागितला. एकदा दिला तर पोरानातवंडांच्या मागे लागेल म्हणून त्यांनी नकार दिला आणि आगीत जीव दिला. ह्यांचं मत पडलं की हे लोक हट्टी होते, वाटाघाट करायला हवी होती. मला वाटतं, हे भाष्यकाराला सांगायला हवं.

जिनप्रभसूरींनी चौदाव्या शतकात ‘विविधतीर्थकल्प’ लिहिला. त्यात नाशिकवर स्वतंत्र कल्प आहे, इथल्या चंद्रप्रभस्वामींच्या मंदिराचा. आणि तीर्थांच्या यादीत सोपाऱ्याच्या जीवंतस्वामी ऋषभदेवांचं नाव आहे. ती मूर्ती आज सोपाऱ्यात नाही. नालासोपाऱ्यात आता देरासरं आहेत, ती नवी, मुंबईत भाडं न परवडून इकडे आलेल्या कुटुंबांनी उभी केलेली. एका ठिकाणी आम्ही दर्शन घेतलं. मूलनायक वेगळे होते. मी मनात आदिनाथांचं नाव घेतलं.

दुपारी वसईचा किल्ला. त्याच्याबद्दल सगळ्यांनी इतकं लिहिलंय की मी थोडक्यात सांगते. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाकडून वसई पोर्तुगिजांकडे गेली आणि मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांनी ती घेतली. आत चर्चच्या छत उडालेल्या भिंती, त्यांच्यावर वडापिंपळाची मुळं, लग्नाआधीचे फोटो काढणारी जोडपी. आम्हा पंचवटीकरांना इथे एक गोष्ट वेगळी वाटते. नारोशंकराच्या देवळात, जे १७४७ मध्ये बांधलं, जी भली मोठी घंटा आहे तिच्यावर १७२१ साल आहे आणि ती वसईच्या विजयाची खूण म्हणून ओळखली जाते. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीनंतर सगळ्यांच्या नजरा त्या घंटेकडे जातात. पोर्तुगीज भटजींनी प्रार्थनेसाठी ओतून घेतलेली घंटा आमच्याकडे पुराची मोजपट्टी झाली. भीमाशंकरलाही अशीच एक आहे, १७२९ सालची. समुद्री दरवाज्यातून बाहेर आल्यावर मात्र एकदाचं पाणी दिसलं. ओहोटी होती, चिखलात होड्या कलून पडल्या होत्या आणि कोळणी जाळी निवडत होत्या. मी तिकडून नजर काढली आणि हे हसले.

चौविहार असल्यामुळे सहाच्या आत खाणं उरकायचं होतं. किल्ल्याबाहेर राजेळी केळी घेतली, उरलेल्या दशम्या संपवल्या, पाणी पिऊन पच्चक्खाण घेतलं आणि निघालो.

कोणाला जायचं असेल तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. सोपाऱ्यातली सापडलेली चीजवस्तू सोपाऱ्यात नाही. करंडक एशियाटिकमध्ये आणि आठव्या लेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. त्यामुळे जमलं तर आधी मुंबईचा एक दिवस करा, म्हणजे तो बुटका उंचवटा बघताना डोळ्यांपुढे काहीतरी असेल. आणि सकाळी आधी सोपारा, मग वसई, उलट नको. वसईत वेळ कसा जातो कळत नाही, आणि स्तूपापाशी ऊन चढल्यावर सावलीला फारसं काही नाही.